पळसाला पाने तीनच

पळस्पे फाट्यावर पुण्याचा रस्ता एकीकडे जातो आणि गोव्याचा दुसरीकडे. कुठेही जायचे असले तरी पनवेलकर गाडीत पेट्रोल इथेच कुठेतरी भरून घेतात. हल्ली त्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. मोटारसायकलच्या टाकीत दहा लिटर भरले, तर त्यात दोन लिटर इथेनॉल आले. ते उसाच्या रसापासून केले असेल तर त्यासाठी अठ्ठावीस-तीस किलो ऊस लागला, म्हणजे डोक्यावर घेता येईल एवढी एक मोळी. मक्यापासून केले असेल तर सव्वापाच किलो मका. तांदळापासून केले असेल तर साधारण साडेचार किलो तांदूळ. रेशनवर एका माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, हे ध्यानात ठेवले की टाकीचा आकार वेगळाच वाटू लागतो.

गेली वीस-पंचवीस वर्षे जगभरच्या गरीब आणि मध्यम देशांतल्या छोट्या शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगितली गेली: अन्नाला भाव मिळत नाही ना, मग इंधन पिकवा. पेट्रोल-डिझेल कोणालाच चुकत नाही, तेव्हा तुमचे गिऱ्हाईक पक्के. या सांगण्याचे पुढे काय झाले, याचा हा आढावा. सुरुवात पळस्प्यापासून करतो, कारण या गावाच्या नावात पळस ऐकू येतो आणि आपल्याकडे म्हण आहे: कुठेही जा, पळसाला पाने तीनच. जैवइंधनाची शेती आफ्रिकेत पाहा, ब्राझीलमध्ये पाहा, नाहीतर नाशिक-सांगलीत. तीन प्रश्न सगळीकडे तेच निघतात. जमीन आणि पाणी कोणाचे? भाव कोण ठरवतो? आणि बेत फसला तर नुकसान कोणाच्या अंगावर?

वनस्पतीचे तेल जाळणे कोकणाला नवे नाही. रॉकेल येण्याआधी किनारपट्टीवर उंडीच्या बियांचे तेल दिव्यात जळत होते आणि होड्यांच्या लाकडालाही लावले जात होते. करंजाचे तेल दिव्याला, खरजेला, गुरांच्या जखमांना, पेंड शेताला. यांतले कोणतेही झाड कुणी शेत अडवून लावले नव्हते. ओढ्याकाठी, बांधावर, देवळामागे ते आपोआप असायचे आणि बी वेचणे हे रिकाम्या वेळेचे काम होते. रुडॉल्फ डिझेलच्या रचनेचे एक इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे सगळे सांगतात. वर्ध्याचे उदाहरण मात्र फारसे कोणी सांगत नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली, मगनवाडीत 'मगन दीप' नावाचा कंदील तयार केला होता. तो रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालायचा. गावचे तेल गावातच जळावे आणि रॉकेलचा पैसा बाहेर जाऊ नये, एवढाच हिशोब. त्यात गिऱ्हाईक आणि उत्पादक एकाच आळीत राहत होते. पुढच्या सगळ्या योजनांत नेमका हाच धागा तुटला.

आता मोगली एरंडाकडे येऊ. पुस्तकात जट्रोफा, काही भागांत चंद्रज्योत. रायगड-रत्नागिरीत परसाच्या कुंपणाला याच्या फांद्या खोचलेल्या असतात. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम. पानाचा देठ हळूच मोडून दुमडला की चिकाचा पडदा धरतो आणि त्यावर फुंकर मारली की साबणासारखे फुगे उडतात. कोकणातल्या मुलांचा हा जुना खेळ. त्याच मुलांनी बिया खाल्ल्या तर मात्र उलट्या-जुलाबाने दवाखान्यात न्यावे लागते. बी विषारी, म्हणून पेंडही गुरांना घालता येत नाही.

या कुंपणाच्या झाडाला शेतात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९८६ च्या सुमारास नाशिकला विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने वनशेती करणाऱ्या शेतकऱ्यांनी जट्रोफा लावला. निलगिरीच्या सहकारी लागवडीचा अनुभव गाठीशी असलेली ही मंडळी होती, हौशी नव्हती. तरीही अपेक्षेइतके बी आले नाही आणि बऱ्याच जणांनी झाडे उपटली. हा धडा घरातच होता. तो दिल्लीपर्यंत पोचला नाही, किंवा पोचूनही ऐकला गेला नाही.

एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या जैवइंधन समितीचा अहवाल आला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल, आणि त्यासाठी देशात १३४ लाख हेक्टर जमीन जट्रोफाला उपलब्ध होऊ शकते, असा त्याचा हिशोब होता. हेक्टरी अडीच हजार झाडे, झाडामागे दीड किलो बी, म्हणजे पावणेचार टन. राष्ट्रपती अब्दुल कलाम भाषणांतून जट्रोफाचा पुरस्कार करत होते. छत्तीसगडमध्ये रमणसिंह सरकारने तर आखाती डिझेलची जागा परसातले डिझेल घेईल अशी घोषणाच केली.

गणित कागदावर सुटले. शेतात ते तीन ठिकाणी अडले. पहिली अडचण उत्पादनाची. झाड कमी पाण्यात जगते हे खरे, पण कमी पाण्यात जगणे वेगळे आणि कमी पाण्यात फळणे वेगळे. तमिळनाडूत प्रत्यक्ष शेतांवर जाऊन केलेल्या पाहणीत हेक्टरी अर्धा ते पाऊण टन बी दिसले. दुसरी अडचण मजुरीची. एकाच घोसात हिरवे, पिवळे आणि वाळून काळे पडलेले फळ एकाच वेळी असते, म्हणून झाडाखालून चारचारदा फिरून हाताने वेचावे लागते. तिसरी अडचण भावाची. सरकारने जैवडिझेल खरेदीचे धोरण आणले आणि १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये भाव ठरवला. एक लिटर तेलाला साधारण चार किलो बी धरा. गाळप, प्रक्रिया, वाहतूक यांचा सगळा खर्च शून्य मानला तरी किलोला सव्वासहा रुपयांच्या वर शेतकऱ्याला काही देणे शक्यच नव्हते. त्या भावात मजुरीही सुटत नाही. तेल कंपन्यांनी बारा राज्यांत वीस खरेदी केंद्रे जाहीर केली; त्यांच्यापर्यंत म्हणावे असे तेल पोचलेच नाही.

यातला 'पडीक जमीन' हा शब्द नीट पाहायला हवा. सरकारी दप्तरात जी पडीक, ती कोकणात वरकस. तिथे नाचणी-वरी होते, गुरे चरतात, राबासाठी पालापाचोळा आणि फांद्या मिळतात, सरपण मिळते. आदिवासी वाडीची तर अर्धी गुजराण तिच्यावर. सातबाऱ्यावर पीक दिसत नाही म्हणून जमीन रिकामी ठरत नाही.

आफ्रिकेतही हेच झाले, फक्त मोठ्या मापाने. २००७ मध्ये ब्रिटनच्या डी-वन ऑइल्सबरोबर बीपीसारख्या बलाढ्य तेल कंपनीने जट्रोफासाठी भागीदारी केली आणि दोनच वर्षांत, २००९ मध्ये, ती बाहेर पडली. टांझानियात किसारावे जिल्ह्यातल्या गावांची आठ हजार हेक्टरांहून अधिक जमीन एका ब्रिटिश कंपनीने जट्रोफासाठी घेतली. २०११ मध्ये काम बंद पडले. गावांना ना जमीन परत मिळाली, ना कबूल केलेल्या शाळा-विहिरी धड मिळाल्या. केनियात २००९ मध्ये शेकडो छोट्या शेतकऱ्यांच्या शेतांची पाहणी झाली आणि निष्कर्ष निघाला की जट्रोफा लावायचाच असेल तर फक्त कुंपणाला लावा. आपल्या आज्यांना हे अहवालाशिवाय ठाऊक होते. त्यातल्या त्यात बरे उदाहरण मालीचे. तिथे कुलिकोरोच्या कारखान्यात शेतकऱ्यांच्या संघाला भागीदारी दिली गेली आणि जट्रोफा धान्याच्या शेतात आंतरपीक म्हणून घेतला गेला. बी विकले गेले नाही तरी घरात ज्वारी-बाजरी होती.

ब्राझीलचा प्रयोग अधिक विचारपूर्वक होता. डिसेंबर २००४ मध्ये तिथल्या सरकारने जैवडिझेल कार्यक्रमात 'सामाजिक इंधन' असा शिक्काच तयार केला. छोट्या शेतकऱ्यांकडून ठरावीक वाटा माल घेणाऱ्या आणि त्यांना बियाणे-सल्ला देणाऱ्या कंपनीलाच करसवलत. ईशान्येतल्या कोरडवाहू, गरीब शेतकऱ्याने एरंडी पिकवावी, हा हेतू. पण एरंडीचे तेल इतके दाट की इंजिनाच्या मापात बसेना, आणि रसायन उद्योगात त्याला इंधनापेक्षा जास्त भाव. मग कंपन्या एरंडी घेऊन ती दुसरीकडे विकू लागल्या आणि डिझेल सोयाबीनचे बनू लागले. फायदा झाला तो दक्षिणेतल्या, आधीच संघटित असलेल्या सोयाबीनवाल्यांना. इंडोनेशियात तेलताडाच्या सुमारे चाळीस टक्के क्षेत्रावर छोटे बागायतदार आहेत. तिथे जैवडिझेलचे अनुदान ताडतेलाच्या निर्यातीवरील करातून येते आणि त्या कराचा भार फळाच्या भावात आपल्यावरच पडतो, अशी तिथल्या बागायतदारांची तक्रार आहे.

याच काळात दुसरी बाजूही उघडी पडली. अमेरिकेत मका इथेनॉलकडे वळला आणि २००७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत मक्याची भाकरी महागली म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नाधिकार दूत जाँ झीग्लर यांनी अन्नाचे इंधन करणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे म्हटले. शब्द कडक होते. पण छोटा शेतकरी बहुतेक देशांत धान्य विकतही घेतो, हे त्यांनी जगाच्या नजरेत आणून दिले.

भारतात जैवडिझेल मागे पडले आणि इथेनॉल पुढे आले. महाराष्ट्राचा या विषयातला खरा धडा जट्रोफाचा नाही, उसाचा आहे. पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम २००३ मध्ये महाराष्ट्र-गोव्यासह काही राज्यांत सुरू झाला, पण दहा वर्षांनंतरही देशाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होते. २०१८ च्या धोरणाने उसाच्या रसालाही परवानगी दिली, डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजसवलत आली आणि चित्र पालटले. २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस टक्के. आधीचे उद्दिष्ट २०३० चे होते. एवढ्या वेगाने गाठलेले सरकारी उद्दिष्ट विरळाच.

याचा उसवाल्याला फायदा झाला का? झाला, हे आधी मान्य करायला हवे. साखर गोदामात पडून राहिली की कारखान्याचा पैसा अडकतो आणि उसाचे बिल थकते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, त्यामुळे बिले सुटू लागली. चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. तो पाळण्याची ऐपत काही कारखान्यांना इथेनॉलमुळे आली.

आता दुसरी बाजू. एक टन उसाच्या रसातून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल निघते. त्याचा ठरलेला भाव लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, म्हणजे टनाला साधारण ४,६०० रुपये. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उरलेल्या हजारभर रुपयांत कारखान्याने गाळप, कर्जाचे हप्ते, पगार सगळे भागवायचे. २०२२-२३ मध्ये एफआरपी ३,०५० होती. ती पाचशे रुपयांनी वाढली आणि रसाच्या इथेनॉलचा भाव जिथल्या तिथे राहिला. दोन्ही आकडे दिल्लीत ठरतात. मधल्या फटीत कारखाना सापडतो, आणि कारखाना सापडला की बिल थकते शेतकऱ्याचेच. ऊस तोडायला बीडहून येणारा कोयता, म्हणजे तोडणी मजुरांची जोडी, तर या हिशोबात कुठेच नाही.

धोरण किती पटकन फिरते, तेही याच काळात दिसले. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळप हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. पाऊस कमी झाला होता आणि साखर महागण्याची भीती होती. आठवड्याभरात सतरा लाख टन साखरेच्या मर्यादेत सूट दिली गेली; निर्बंध पूर्ण उठले ते ऑगस्ट २०२४ अखेरीस. तोवर रसासाठी कर्ज काढून उभारलेली यंत्रे बरीचशी थंड होती. दरम्यान मका आणि अन्न महामंडळाचा तांदूळ पुढे निघून गेले. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटर इथेनॉलचे वाटप केले, त्यात ऊस आणि मळीचा वाटा तीस टक्क्यांहूनही कमी. ज्या पिकाच्या जोरावर योजना उभी राहिली, ते पीक दोन वर्षांत कोपऱ्यात गेले.

पाण्याचा प्रश्न जुनाच. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, असे कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे. नीती आयोगाच्याच अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी धरले आहे. टाकीतल्या त्या दोन लिटरांसाठी किती, हे वाचकाने स्वतःच मांडावे.

मका कमी पाण्याचा, म्हणून तो आला ते बरेच झाले, असे वाटत होते. २०२४ मध्ये नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरकडे मक्याला बरा भाव मिळाला. शेतकऱ्यांनी क्षेत्र वाढवले. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास तोच मका क्विंटलला २,४०० रुपये या हमीभावाच्या खूप खाली गेला. शिवाय इथेनॉल काढून उरलेला मका-तांदळाचा चोथा कोंबडी-जनावरांच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटली. मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याला भाव का पडला याचे कारण शोधायला इथेनॉलच्या कारखान्यापर्यंत जावे लागेल, असे पाच वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर हसू आले असते.

एका वाटेला मात्र न्याय मिळाला नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर दीर्घकाळ काम केले, 'मधुरा' हा वाण काढला, त्यापासून इथेनॉल आणि इथेनॉलवर चालणारे दिवे-शेगड्याही केल्या. कणीस घरात, ताटाच्या रसाचे इंधन, चोयट्या गुरांना. आणि सगळे चार महिन्यांत, उसाच्या कितीतरी कमी पाण्यात. अडचण एकच: ताट तोडले की रस लवकर उतरतो, तेव्हा गाळप शेताजवळ आणि लगेच हवे. म्हणजे छोटे, गावातले गाळप. आपली धोरणे मोठ्या कारखान्यांना कर्ज देण्यात तरबेज आहेत. गावच्या चरकाला नाहीत.

पुन्हा पळस्प्याला येऊ. पनवेल तालुका भाताचा. खाऱ्या जमिनीत तग धरणारी 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' ही भाताची वाणे इथल्याच खारभूमी संशोधन केंद्राने दिली. इथली शेती एकरांत कमी आणि गुंठ्यांत जास्त मोजली जाते, आणि तिच्यावर विमानतळ, 'नैना' हे नियोजित शहर आणि गोदामे यांची नजर आहे. अशा शेतकऱ्याला आज कोणी नेपियर गवत लावून गॅस कंपनीला द्या म्हणतो, कोणी बांबू लावा म्हणतो. दाबाखालच्या जैववायूची 'सतत' योजना २०१८ मध्ये पाच हजार प्रकल्पांचे स्वप्न घेऊन आली. त्यांतले प्रत्यक्षात उभे राहिले ते थोडेच. गवत वाढते, कापणीला येते, आणि प्रकल्प अजून कागदावर असतो. गवत ओले, जड आणि स्वस्त. वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे नेले की भाडेच खाऊन टाकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून उडणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का, २०३० पर्यंत पाच टक्के जैवइंधन मिसळायचे देशाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी पिके लावा म्हणणारे लवकरच फाट्यावर उतरतील.

त्यांना काय उत्तर द्यावे? फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याने कर्नाळा ओलांडला की तारा गाव लागते. तिथल्या युसूफ मेहेरअली सेंटरने तेलघाणी आणि साबण यांसारखे ग्रामोद्योग वर्षानुवर्षे चालवले आहेत. करंज-कडुनिंबाच्या तेलाला साबणवाले आणि औषधवाले डिझेलपेक्षा चांगला भाव देत आले आहेत. जळण हा तेलाचा सर्वांत स्वस्त उपयोग. बाकी काही जमले नाही तर जाळावे. शेजारच्या कर्नाटकात होंगेची, म्हणजे आपल्या करंजाचीच, झाडे बांधावर लावून त्याच्या तेलावर गावचे पंप चालवण्याचे प्रयोग झाले. जे थोडेफार टिकले, ते बांधावरचे.

म्हणून माझे मत सरळ आहे. छोट्या शेतकऱ्याने इंधन बांधावर पिकवावे, शेतात नाही. शेतात घ्यायचेच असेल तर ज्याचे धान्य किंवा चारा घरात येतो असे पीक घ्यावे, म्हणजे गिऱ्हाईक फिरले तरी चूल पेटेल. आणि कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मराठीत लिहून मागाव्यात: किती वर्षांसाठी जमीन आणि पाणी अडकणार, भाव कोणत्या आकड्याला बांधलेला आहे, आणि माल उचलला नाही तर भरपाई कोण, किती दिवसांत देणार. तिन्हींची उत्तरे मिळाली तर लावा. एकाचेही मिळाले नाही, तर मोगली एरंड कुंपणाला बरा.